मॅक ओएस एक्स लायन या मॅक संगणकांच्या प्रणालीत आयफोन-आयपॅडच्या गोष्टी आणताना स्क्रोलची दिशा उलटी का केली? त्याचा खरंच उपयोग झाला का?

उलटी नाही, सुलटी केली. यावरून माझं एका सहकाऱ्याशी वर्षानुवर्षं वाजलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुलै २०११ मध्ये लायन आलं तेव्हा आम्हा दोघांत मिळून एकच मॅक होता, शिफ्ट वेगळ्या. मी कामाला बसलो की पान भलतीकडेच पळायचं, कारण जाताना या सहकारी साहेबांनी ट्रॅकपॅडच्या सेटिंगमधली ‘नॅचरल’ची टिक काढून ठेवलेली असायची. मी लावायची, त्याने काढायची. त्याचं पालुपद एकच: “बोटं खाली ओढली की पान पुढे जायचं, ते मोडायचं काय अडलं होतं?” अरे, पण तू पान सरकवत होतासच कुठे? तू कडेची पट्टी खाली नेत होतास, म्हणून मजकूर वर जायचा. लायनने ती पट्टीच लपवली; स्क्रोल करताना तेवढी बारीकशी दिसते आणि विरते. पट्टीच नाही म्हटल्यावर सरकवायचं काय? थेट पान. टेबलावरचा कागद वर सारला की खालच्या ओळी समोर येतात, तसं. पट्टी लपवून दिशा जुनीच ठेवली असती तर खरा घोळ झाला असता. त्याला हे अजून पटलेलं नाही. फोनवर मात्र हाच गृहस्थ बिनतक्रार अंगठा वर सारतो!

बाकीची उसनवारी म्हणाल तर लाँचपॅड, म्हणजे सगळ्या ॲपांचे आयकॉन पडदाभर मांडणारी सोय, निव्वळ दिखाऊ. नाव टाइप करून ॲप शोधणारं स्पॉटलाइट असताना आयकॉनांची पानं कोण उलटत बसणार? २०२५ च्या टाहो या मॅकच्या आवृत्तीमध्ये ते काढूनच टाकलं. ऑटोसेव्ह उत्तम, पण त्यापायी टेक्स्टएडिट, प्रिव्ह्यूसारख्या ॲपांतून ‘सेव्ह ॲज’ उडवून ‘डुप्लिकेट’ माथी मारणं हा आगाऊपणा होता. पुढच्याच वर्षी माउंटन लायनमध्ये ते ऑप्शन कीच्या आड का होईना, परत आणावं लागलं.

तुम्ही टिक काढू नका. थोडे दिवस नेटाने वापरा, हात वळतो. हां, चाकवाला माउस असेल तर गोष्ट वेगळी. चाक फिरवताना पान बोटाखाली असल्यासारखं वाटत नाही, तिथे जुनी दिशाच बरी. पण मॅकमध्ये माउस आणि ट्रॅकपॅडची दिशा एकदमच बदलते. वेगवेगळी हवी तर त्यासाठी बाहेरचं छोटं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. आमचे साहेब ट्रॅकपॅडच वापरायचे, तेव्हा ही सूट त्यांना लागू नाही.