छोट्या पक्षाचा एकटा खासदार मानवाधिकार आणि परराष्ट्र धोरणावर काय करू शकतो?

तुमचा प्रश्न असा की, ज्या पक्षाचे संसदेत एक-दोनच खासदार आहेत, त्यातल्या एखाद्याने मानवाधिकार आणि परराष्ट्र धोरण हे विषय लावून धरले तर त्याच्या हातात नेमकं काय असतं.

भाषणाचा भरवसा धरू नका. चर्चेचा वेळ संख्याबळावर वाटला जातो आणि एकट्याच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. खरं हत्यार आहे प्रश्न. तिथे पक्ष मोठा की लहान हे कुणी बघत नाही, सोडत निघते.

लोकसभेत दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात. तारांकितावर मंत्र्यांना समोरासमोर पुरवणी प्रश्न टाकता येतो, म्हणून सगळ्यांचा डोळा त्यावर. पण प्रश्नोत्तराचा तास गोंधळात वाहून गेला की त्याचंही लेखी उत्तरच हाती पडतं. मी तर अतारांकितावरच जोर द्या म्हणेन, कारण आकडे तिथेच मिळतात.

नोटीस किमान 15 दिवस आधी लागते, प्रश्न 150 शब्दांच्या आत. पुढे लोकसभेच्या कामकाज नियमांतल्या नियम 41 ची चाळणी: न्यायप्रविष्ट बाब नको, मत विचारायचं नाही, मित्रराष्ट्राचा अनादर होईल असा उल्लेख नको. परराष्ट्र विषयातले तावातावाने लिहिलेले प्रश्न इथेच गळतात.

पाकिस्तानच्या तुरुंगात अडकलेल्या मच्छीमारांचं उदाहरण घ्या. त्यांत आपल्या पालघरचेही असतात. ‘मच्छीमारांच्या सुटकेसाठी सरकार काय करत आहे?’ असं मोघम विचारलं तर ‘सरकार सातत्याने पाठपुरावा करत आहे’ एवढंच परत येतं. त्याऐवजी 2008 चा उभय देशांतला करार समोर ठेवा. दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण, अटकेपासून तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्याची भेट, शिक्षा संपून नागरिकत्व निश्चित झालं की महिन्याभरात सुटका, असं त्यात लिहिलंय. मग विचारा: यादीतल्या किती जणांना तीन महिन्यांत भेट मिळाली? शिक्षा संपून महिना उलटलेले किती? राज्यवार सांगा. आणि नागरिकत्वाची खातरजमा आपल्याच बाजूने व्हायची असते, त्यामुळे ती किती जणांची रखडली आहे हा प्रश्न गृह मंत्रालयाला वेगळा टाका. बरेचदा विलंब शोधायला सीमेपलीकडे जावंच लागत नाही.

उत्तरात ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं आलं तर निराश होऊ नका. हे वाक्य आश्वासनात गणलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर आश्वासन समितीची नजर असते. दुर्दैवाने इथेच बहुतेक जण पाठपुरावा सोडतात.

परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीत 31 सदस्य असतात, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. जागा मिळाली तर सोडू नये. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरा नसतो, त्यामुळे अधिकारी बरंच मोकळं बोलतात. अहवाल पटला नाही तर भिन्नमतपत्रिका, म्हणजे आपली लेखी असहमती, जोडता येते.

उरलं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं विधेयक. 1970 नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, तरी ते मांडणं वाया जात नाही. द्रमुकचा लोकसभेत एकही खासदार नव्हता तेव्हा त्या पक्षाचे राज्यसभा खासदार तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक 24 एप्रिल 2015 ला राज्यसभेत मंजूर झालं. सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं, 2019 मध्ये कायदा झाला. शिवांच्या मसुद्यातलं आरक्षण मात्र त्यात नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण अनुसमर्थन, म्हणजे करार बंधनकारक करणारी अंतिम मान्यता, अजून दिलेलं नाही. 2010 मध्ये लोकसभेने मंजूर केलेलं छळप्रतिबंधक विधेयक पुढे व्यपगत झालं, म्हणजे कायदा न होताच बाद झालं. एकट्या खासदाराने दर अधिवेशनात नेटाने विचारत राहावा असा हा प्रश्न आहे.

तुमच्या खासदाराचं काम तपासायचं असेल तर संसदेच्या संकेतस्थळावर नावानुसार प्रश्न काढा, आणि एकाच विषयावर मागच्या उत्तराचा धागा पकडून पुढचा प्रश्न आलाय का, ते बघा.