पहिली परदेशवारी: तीन देश की एकच शहर?

प्रश्न: ताई, मे महिन्यात आम्ही पाचजण पहिल्यांदाच परदेशी निघालोय. मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. नवऱ्याने पॅरिस-स्वित्झर्लंड-इटली असं नऊ दिवसांचं पॅकेज काढून ठेवलंय. मुलीला टोकियोच हवं. मला बाली. मैत्रिणीने सिंगापूर सुचवलं. तिथे थेट विमान आहे, या पॅकेजमध्ये मात्र वाटेत विमान बदलावं लागतं. पण नवरा म्हणतो, "एवढा खर्च करून एकच शहर बघायचं?" सासूबाई म्हणतात, "कुठेही न्या, माझी काळजी करू नका." रोज रात्री हाच वाद. तुम्हीच निकाल द्या.

उत्तर: निकाल सिंगापूर. पाच रात्री, एकच हॉटेल. आता कारणं सांगते, म्हणजे यजमानांना वाचून दाखवता येतील.

आधी सासूबाईंचं ते वाक्य. मी बरीच वर्षं ग्रुप घेऊन फिरले आहे. "माझी काळजी करू नका" म्हणणारं माणूसच तिसऱ्या दिवशी बसमध्ये बसून राहतं. "तुम्ही जाऊन या, मी इथे बरी आहे." मग त्यांच्या सोबतीला घरातलं कुणीतरी थांबतं आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा सूनच असते. म्हणून ठिकाण ठरवायच्या आधी मी विचारते, तुमच्यात सगळ्यात आधी कोण थकतं? तुमच्याकडे असे दोघं आहेत, एक ६८ वर्षांचं आणि एक चार वर्षांचं. त्या दोघांचा दिवस नीट गेला तर बाकी तिघांचा जातोच. उलट होत नाही.

आता ते पॅकेज उघडा. नऊ दिवसांतला पहिला आणि शेवटचा दिवस विमान आणि विमानतळ खातो. उरले सात, त्यात तीन देश. हॉटेल बदलायचा दिवस कसा असतो ते यजमानांना माहीत नसणार, कारण माहितीपत्रकात तो छापत नाहीत. सकाळी सहाला बॅगा खोलीच्या दाराबाहेर. साडेसहाला नाश्ता, त्यात धाकटा अर्धवट झोपेत. साडेसातला बस सुटते आणि ती कुणासाठी थांबत नाही. ड्रायव्हर खडूस असतो म्हणून नव्हे, तिथे त्याचे तास कायद्याने बांधलेले आहेत. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसाचं एकूण चालवणं साधारण नऊ तासांत बसवावं लागतं. त्यामुळे वाटेत "जरा पाच मिनिटं" हे चालत नाही, आणि चार वर्षांच्या मुलाचा अख्खा दिवसच "जरा पाच मिनिटं" असतो.

व्हेनिसला बस गावात जातच नाही. ती कडेला उतरवते, पुढे बोट, बोटीतून उतरून पायी. गावात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, हे सासूबाई तुम्हाला सांगतील. स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोख हे बर्फाच्या डोंगरावरचं ठिकाण असेल, तर ते ३,४५४ मीटरवर आहे. थेट ट्रेन जाते, म्हणून आपण एवढ्या उंचीवर आलो हे जाणवत नाही, पण हवा विरळ असतेच. बीपी असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिथलं तिकीट काढू नये. युरोप वाईट आहे असं मी म्हणत नाही. धाकटा दहा-बारा वर्षांचा झाला की जा, आणि तेव्हाही एका वेळी एकच देश.

मुलीला सांगा, टोकियो रद्द नाही, पुढे ढकललंय. शहर सुरक्षित, ट्रेन वेळेवर, सगळं खरं. पण तिथे चालणं फार होतं. शिंजुकू स्टेशनला दोनशेच्या वर बाहेर पडायच्या वाटा आहेत. लिफ्ट असते, पण तुम्ही उभे असाल त्याच्या दुसऱ्या टोकाला. चौदा-पंधरा वर्षांची झाली की नकाशा तिच्याच हातात देऊन जा.

बालीवर मात्र मी जरा रेंगाळले. मे महिना तिथे कोरडा, हवा छान. नुसतं एका जागी राहून पोहायचं असेल तर बाली उत्तमच. पण फिरायचं म्हटलं की गाडी आणि गाडी म्हटली की ट्रॅफिक. विमानतळ ते उबुद गाव हे अंतर चाळीस किलोमीटरच्या आत, तरी दीड तास सहज जातो. देवळांना पायऱ्या आहेतच. पहिल्या वेळी, चार वर्षांचं मूल मागच्या सीटवर कुरकुरत असताना, नको.

सिंगापुरात हे सगळं टळतं. मेट्रोला तिथे एमआरटी म्हणतात आणि स्टेशनांना लिफ्ट आहेत. हॉटेल शोधताना तारे मोजू नका, स्टेशनपासून पायी किती मिनिटं ते बघा. पाचाच्या वर असेल तर पुढचं हॉटेल बघा. भाडं बँकेच्या कॉन्टॅक्टलेस कार्डानेही देता येतं, फक्त माणशी एक कार्ड लागतं. एकच कार्ड सगळ्यांसाठी टेकवत बसलात तर गेट उघडणार नाही आणि मागे रांग लागेल. नळाचं पाणी पिता येतं. गाडीत आणि स्टेशनात मात्र खाणंपिणं बंद, दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत. धाकट्याचा खाऊ बॅगेच्या तळाशी ठेवा.

विषुववृत्त तिथून जेमतेम दीड अंशावर, त्यामुळे उकाडा बारमाही आणि पावसाची सर केव्हाही. दुपारी बारा ते चार खोलीवर परत या, झोपा. एकच हॉटेल घ्या म्हणते ते यासाठीच. सकाळ एका ठिकाणाला, संध्याकाळ दुसऱ्याला, बास.

एक सकाळ मंडाईच्या प्राणिसंग्रहालयाला द्या. आत ट्राम फिरते, सासूबाई बसून बघतील. शेजारची नाइट सफारी १९९४ पासून आहे आणि नावाजलेली आहे, पण ती सुरू होते संध्याकाळी सातनंतर. धाकटा साडेआठला झोपत असेल तर मुलीने आणि बाबांनी दोघांनीच जावं. बोटॅनिक गार्डन्स १८५९ ची, २०१५ पासून जागतिक वारशाच्या यादीत. ऑर्किडचा भाग सोडला तर प्रवेश फुकट. तिथे मुलांसाठी एक वेगळी बाग आहे आणि तिचा नियम मला फार आवडतो: सोबत मूल असल्याशिवाय मोठ्यांना आत सोडत नाहीत.

एक संध्याकाळ गार्डन्स बाय द बे. तिथे २५ ते ५० मीटर उंचीची लोखंडी झाडं आहेत. अंधार पडला की पावणेआठला आणि पावणेनऊला त्यांच्यावर दिव्यांचा खेळ होतो, तिकीट नाही. सात-सव्वासातलाच जा, झाडांच्या खाली चादर टाका आणि सगळे आडवे व्हा. उभं राहून बघितलं तर मान दुखते. अकरा वर्षांच्या मुली सहसा कशाने चकित होत नाहीत, झाल्या तरी दाखवत नाहीत. इथे दाखवतात. युनिव्हर्सल स्टुडिओचं तिकीट काढण्याआधी राइडच्या उंचीच्या अटी बघा आणि घरच्या भिंतीला दोन्ही मुलांना टेकवून उंची मोजा. गेटवर रडारड नको.

सासूबाईंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, निदान ४८ तास आधी. "मी काय आजारी आहे का?" असं त्या म्हणतील. म्हणू द्या. मोठ्या विमानतळावर गेटपर्यंतच एक-दीड किलोमीटर होतं. व्हीलचेअरवाल्यांना विमानातून सगळ्यांत शेवटी उतरवतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा. सासूबाईंना मधल्या वाटेच्या कडेची जागा घ्या आणि अधूनमधून उठवून चार पावलं चालवा. चार तासांच्या वर बसून राहिलं की पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो.

गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर ब्रँडच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव हवं. बीपीच्या गोळीचं कुणाला काही नसतं. पण झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध सिंगापुरात नेण्यावर बंधनं आहेत, आधी परवानगी लागू शकते. पिशवीत काय काय भरलंय ते एकदा सासूबाईंसमोर बसून बघा. शेजारणीने दिलेली गोळ्यांची एखादी पट्टी हमखास निघते.

राहिले यजमान. त्यांचं म्हणणं चूक नाही, पैसे त्यांच्या खिशातून जाणार आहेत. त्यांना एवढंच विचारा, त्या पॅकेजच्या सात दिवसांतले किती तास बसमध्ये आहेत? कार्यक्रमपत्रिका आणि पेन्सिल पुढ्यात ठेवा आणि त्यांनाच बेरीज करू द्या. तुम्ही बोलू नका.

प्रश्न: माझा पासपोर्ट सप्टेंबरअखेर संपतो आणि आम्ही मेच्या शेवटी सिंगापूरला जाणार आहोत. परत आल्यावर नूतनीकरण केलं तर चालेल ना?

उत्तर: नाही. सिंगापूरला पोहोचाल त्या दिवशी पासपोर्टची निदान सहा महिने मुदत शिल्लक लागते, तुमचे चारच उरतात. तिथे पोहोचून परत पाठवण्याचा प्रश्नच येत नाही, विमान कंपनी इथल्या काउंटरवरच अडवते. आजच अर्ज करा. तिकीट काढलं असेल तर नवा पासपोर्ट आल्यावर त्याचा नंबर बुकिंगमध्ये बदलून घ्या आणि जुन्या पासपोर्टवर एखादा चालू व्हिसा असेल तर तो टाकू नका, दोन्ही सोबत ठेवा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, म्हणजे तिथे येत असल्याची माहिती देणारा फॉर्म, पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, बंद करा.