भारतातली एम.ए. सायकॉलॉजी घेऊन कॅलिफोर्नियात मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्टचं लायसन्स मिळतं का? किती वेळ लागतो?

नुसत्या एम.ए.वर बहुतेकदा नाही मिळत. बाहेरची पदवी तपासून घेतात, पण ती इथल्या ६० सेमिस्टर युनिट्सच्या, प्रॅक्टिकमसकट (म्हणजे देखरेखीखाली खऱ्या क्लायंट्सबरोबरच्या सरावासकट) केलेल्या मास्टर्सच्या तोडीची लागते. मीही पुण्याची एम.ए. घेऊन आले आणि पुन्हा कॉलेजात जाऊन बसले. 'किती वेळ' याचं उत्तर जरा लांबेल, कारण त्यात माझे मोठे दीर आहेत.

माझी पदवी २०१५च्या मार्चअखेर पूर्ण झाली, समारंभ जूनमध्ये होता. त्यासाठी सासूबाई, भाऊजी, जाऊबाई पुण्याहून यायचे होते. असोसिएट म्हणून, म्हणजे लायसन्स मिळेपर्यंत देखरेखीखाली काम करणारी म्हणून (तेव्हा 'इंटर्न' म्हणत), नाव नोंदवायचा फॉर्म डायनिंग टेबलवर पडून होता. भाऊजी फोनवर म्हणाले, "अगं, पदवी हातात तर येऊ दे. सरकारी काम कुठे पळून जातंय?" आणि मला ते पटलं, याचाच राग आहे. समारंभ झाला, गाऊनमधले फोटो झाले, मग योसेमिटी, मग लास व्हेगास (तिथे अर्धा वेळ सासूबाईंसाठी बिनअंड्याचा केक शोधण्यात गेला). फॉर्म गेला जुलैत. मधले तीन महिने मी क्लिनिकमध्ये बिनपगारी काम करतच होते.

लायसन्ससाठी कामाचे ठरावीक तास भरावे लागतात. पदवीच्या तारखेपासून ९० दिवसांत अर्ज लायसन्स देणाऱ्या बोर्डाकडे पोचला, तरच नोंदणी होईपर्यंतचे तास धरतात. ती तारीख म्हणजे ट्रान्सक्रिप्टवरची, टोपी उडवली त्या दिवसाची नव्हे. माझे १८६ तास गेले. त्यात एक जोडपं होतं. पहिले तीन आठवडे दोघं एकमेकांकडे न बघता माझ्याशीच बोलायचे. चौथ्या आठवड्यात बायकोने नवऱ्याला विचारलं, "पाणी हवंय का?" तो तासही बाद.

एकूण लागतात ३,००० तास, कमीत कमी १०४ आठवड्यांत. त्यातले १,७५० प्रत्यक्ष समुपदेशनाचे, आणि त्यातलेही ५०० जोडपी, कुटुंबं किंवा मुलांबरोबरचे. दोन परीक्षा: एक कायदा आणि नीतिनियमांची, दुसरी क्लिनिकल, १७० प्रश्न, चार तास. परीक्षांचं फार टेन्शन घेऊ नका, माणूस तासांतच दमतो. मला २०१९ उजाडलं.

त्या चार वर्षांत दर दिवाळीच्या व्हिडिओ कॉलवर भाऊजींचं ठरलेलं: "चाळिशी आली तरी इंटर्नच?" २०१८मध्ये इंटर्नचं 'असोसिएट' झालं, तर म्हणे, "म्हणजे पगार वाढला का?" आणि त्यांचं आवडतं वाक्य, "भांडणं मिटवायला लायसन्स लागतं होय? आमच्या आजीने अख्ख्या वाड्याची मिटवली." मिटवली म्हणजे सुनांना गप्प बसवलं. माझ्या सुपरवायझर मला दर आठवड्याला विचारायच्या, "आज तू कुणाच्या बाजूने बसली होतीस?" वाड्यात आजीला हे विचारायची कुणाची छाती होती? लायसन्स लागतं ते यासाठी, भाऊजी.

तर फॉर्म पहिल्या आठवड्यात भरा. पाहुण्यांना योसेमिटी नवरा दाखवेल, त्याला ड्रायव्हिंगचं लायसन्स आहे.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: एच-फोरवर (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) येत असाल तर वर्क परमिटचं आधी वकिलाला विचारा, बिनपगारी कामाचंसुद्धा. विद्यार्थी व्हिसावर शिकलात तर वर्षभराच्या ओपीटीत (शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीत) एवढे तास बसवणं अवघड आहे. आणि मी सांगतेय ते फक्त कॅलिफोर्नियाचं. नवऱ्याची टेक्सासला बदली झाली तर नियम वेगळे.

अजून एक, माझ्या वेळी नव्हतं ते. आता पदवी आणि नोंदणी यांच्या मधले तास धरायचे असतील तर जिथे काम करणार तिथे सुरुवात करण्याआधी बोटांचे ठसे, म्हणजे लाइव्ह स्कॅन, द्यावे लागतात. त्याचा कागद फाईलला लावून ठेवा, डायनिंग टेबलवर नको.