थर्मोस्टॅटवर 70, टेबलावर 66: थर्मोस्टॅट बदलण्याआधी भिंतीतलं भोक बघा

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतलं दुमजली घर, बेसमेंटमध्ये गॅसची फर्नेस, डक्टमधून गरम हवा. हॉलमधला वाय-फाय थर्मोस्टॅट 70 दाखवतो, पण सोफ्याशेजारच्या टेबलावरचं थर्मामीटर 66 म्हणतं. थर्मोस्टॅट बिघडलाय का, नवा घ्यावा का? (खालचे सगळे अंश फॅरेनहाइट.)

बिघडलेला असण्याची शक्यता कमी. डिजिटल थर्मोस्टॅटमध्ये थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध घटतो आणि त्यावरून आतली चिप अंश ठरवते. थर्मिस्टर खरंच गेला तर सहसा भलताच आकडा किंवा एरर दिसते. रोज इमानेइतबारे 3-4 अंशांचाच फरक पाडत बसत नाही. त्याच्यापर्यंत जी हवा पोहोचते तिचं तापमान तो बहुधा बरोबरच सांगत असतो. गोची ही की ती हवा तुम्ही बसता तिथली नसते. म्हणून सेटिंगमधला ऑफसेट (दाखवलेल्या आकड्यात ठरावीक अंश वाढवणं किंवा घटवणं) ही शेवटची पायरी. बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात आणि मग दर आठवड्याला आकडा बदलत राहतात.

आधी टेबलावरच्या थर्मामीटरवर तरी विश्वास ठेवायचा का, ते ठरवा. स्वस्तातली डिजिटल थर्मामीटरं 2 अंश इकडेतिकडे असतात. दोन-तीन थर्मामीटरं एका टेबलावर शेजारी शेजारी तासभर ठेवा आणि त्यांच्यातला आपापसातला फरक लिहून ठेवा. बुडवता येईल असा प्रोब असेल तर बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ग्लासात ढवळून त्यात धरा; 32 दिसायला हवं. इन्फ्रारेड बंदूक या कामाला वापरू नका. ती भिंतीच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते, हवेचं नाही, आणि बाहेरच्या भिंतीवर रोखली तर हमखास घाबरवते.

आता एक थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या अगदी शेजारी, त्याच उंचीवर चिकटवा. मागे टिश्यू पेपरची जाड घडी घाला, म्हणजे ते भिंतीला टेकणार नाही. दुसरं टेबलावर राहू द्या. अर्धा तास थांबा, जवळ उभं राहून श्वास सोडू नका. मग दोन-तीन तास दर 15 मिनिटांनी तिन्ही आकडे लिहा आणि त्या वेळी फर्नेस चालू होती की बंद, तेही लिहा.

या कागदावरून बहुतेक उलगडा होतो. शेजारचं थर्मामीटर आणि थर्मोस्टॅट एकच आकडा सांगत असतील आणि टेबल मात्र 66 वर असेल, तर थर्मोस्टॅट निर्दोष आहे. खोलीत उष्णता नीट पसरत नाहीये. शेजारचं 67 आणि थर्मोस्टॅट 70, आणि हा 3 चा फरक दिवसभर तेवढाच राहतो, तर तो खरा ऑफसेटचा मामला. पण फरक कमीजास्त होत असेल, म्हणजे फर्नेस चालू झाल्यावर वाढतो, वारं सुटलं की बदलतो किंवा दुपारी दोन ते चार उड्या मारतो, तर कारण भिंतीत किंवा जागेत आहे. अशा वेळी कुठलाही ऑफसेट चोवीस तास बरोबर बसणार नाही.

उष्णता पसरत नसल्याचा संशय असेल तर एक सोपी चाचणी आहे. फॅन "ऑटो"वरून "ऑन"वर करा आणि 30-40 मिनिटं तसाच चालू द्या. हवा फिरल्यावर 70 आणि 66 मधलं अंतर कमी झालं तर दोष डक्टचा, बंद ठेवलेल्या व्हेंटचा, सोफ्याखाली दबलेल्या रजिस्टरचा (गरम हवा बाहेर पडते त्या जाळीचा) किंवा कोंडलेल्या फिल्टरचा. आणि सोफा मोठ्या खिडकीजवळ असेल तर हवा खरंच 70 असूनही गारठा जाणवतो, कारण अंगातली उष्णता थंड काचेकडे जाते. यावर उपाय जाड पडद्यांचा, थर्मोस्टॅटचा नाही.

आता शीर्षकातलं भोक. थर्मोस्टॅटची वायर भिंतीत ज्या छिद्रातून येते ते बहुतेक घरांत गरजेपेक्षा मोठं पाडलेलं असतं, आणि मागचा पोकळ कप्पा खाली बेसमेंटपर्यंत किंवा वर छपराखालच्या अ‍ॅटिकपर्यंत उघडा असतो, कारण वायर घालायला तिथेही भोकं पाडलेली असतात. बेसमेंटमध्ये फर्नेस आणि गरम डक्ट असतील तर कोमट हवा त्या कप्प्यातून वर चढते आणि थेट सेन्सरच्या मागे बाहेर पडते. थर्मोस्टॅट 70 वाचतो, फर्नेस बंद करतो, खोली 66 वरच राहते. तुमची लक्षणं याच प्रकाराशी जुळतात. अ‍ॅटिककडची थंड हवा खाली उतरत असेल तर उलटं होतं: थर्मोस्टॅट कमी दाखवतो आणि घर तापत राहतं. काही जुन्या घरांत भिंतीचा कप्पाच रिटर्न डक्ट (खोलीतली हवा फर्नेसकडे परत नेणारा मार्ग) म्हणून वापरलेला असतो. तिथे फॅन चालू झाला की भोकातून हवा आत ओढली जाते.

तपासायचं असं. फर्नेसजवळचा स्विच किंवा ब्रेकर बंद करा. थर्मोस्टॅटचा पुढचा भाग सरळ बाहेर ओढून काढा. भिंतीवरची प्लेट आणि वायरी तशाच राहतील. प्लेटच्या मधल्या फटीजवळ पेटलेली उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला किंवा खोलीकडे ढकलला गेला तर हवा वाहतेय. फर्नेस बंद असताना काहीच कळलं नाही तर पुढचा भाग परत लावा, वीज चालू करा, फॅन "ऑन" करा आणि थर्मोस्टॅटच्या कडांशी हीच उदबत्ती फिरवा.

भोक बुजवायला डक्ट सील नावाची राखाडी पुट्टी किंवा साधी प्लंबर्स पुट्टी पुरते. लिंबाएवढा गोळा वायरीभोवती दाबून बसवा. वायर आत सरकून हरवू नये म्हणून ती आधी पेन्सिलीला गुंडाळून ठेवा. फुगणारा स्प्रे फोम नको: तो वायरीला ढकलतो, प्लेट वाकवतो आणि पुढे वायर बदलायची वेळ आली की कोरून काढावा लागतो. जुना थर्मोस्टॅट मोठा होता म्हणून ड्रायवॉलमध्ये मोठी खिडकीच उरली असेल तर आत थोडी फायबरग्लास लोकर कोंबा आणि प्लेटच्या मागे कडेने पातळ फोम टेप लावा. वीज चालू केल्यावर लगेच निष्कर्ष काढू नका. हाताच्या उबेनंही सेन्सर तापलेला असतो. तास-दोन तास जाऊ द्या.

भोक बुजवूनही फरक बदलताच राहिला तर आसपास बघा. थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण 5 फुटांवर हवा. खालच्या बाजूला टीव्ही, राउटर किंवा दिवा असेल तर त्याची ऊब वर चढते. स्वयंपाकघराचं दार, दुपारचं ऊन आणि समोरून फुंकणारं रजिस्टर हे तीन नेहमीचे गुन्हेगार. मागच्याच कप्प्यातून गरम हवेचा डक्ट जात असेल तर पुट्टीनं भागणार नाही, कारण भिंतच तापते. तेव्हा थर्मोस्टॅट हलवा किंवा दूरचा वायरलेस सेन्सर जोडता येईल असं मॉडेल घ्या. हलवायचा तर 18 गेजची, निदान 5 तारांची नवी केबल टाका. जुनी जोडून लांबवलेली वायर भिंतीत पुरू नका. माझं मत विचाराल तर भिंती फोडण्यापेक्षा सेन्सर बरा.

वायरलेस सेन्सर आधीच असतील तर सेटिंग उघडून बघा. इकोबी हा स्मार्ट थर्मोस्टॅट एकापेक्षा जास्त सेन्सर निवडलेले असताना त्यांची सरासरी धरतो. वरच्या मजल्यावरची 73 ची खोली त्यात असेल तर हॉलमध्ये 67 असूनही पडद्यावर 70 दिसेल, आणि त्याला चूक म्हणता येणार नाही. रात्रीच्या आणि दिवसाच्या कम्फर्ट सेटिंगमध्ये कोणते सेन्सर टिक केलेत, ते वेगवेगळं तपासा.

हे सगळं करून उरलेला फरक कायम तेवढाच राहत असेल तर ऑफसेट लावा. इकोबीमध्ये तो इन्स्टॉलेशन सेटिंग्जमधल्या थ्रेशोल्ड्समध्ये टेंपरेचर करेक्शन नावानं आहे. हनीवेलच्या बऱ्याच मॉडेलांत इन्स्टॉलर मेनूत मिळतो. चिन्ह उलटं लावण्याची चूक फार होते. पडद्यावर 70 आणि शेजारच्या थर्मामीटरवर 67 असेल तर ऑफसेट उणे 3. टेबलावरच्या 66 शी जुळवून उणे 4 करू नका. जुळवायचं ते शेजारच्या थर्मामीटरशी. आणि 3 पेक्षा जास्त लागत असेल तर मागे जा, काहीतरी सुटलंय.

बॅटरीवर चालणारं मॉडेल असेल तर वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधी, नव्या अल्कलाइन बॅटऱ्या घाला.

काही गोष्टी बिघाड वाटतात, पण नसतात. 70 लावल्यावर घर साधारण 69 ते 71 मध्ये झुलणार. तसं झालं नाही तर फर्नेस दर दोन मिनिटांनी चालू-बंद होईल. सकाळी 6 ला 70 हवं असं वेळापत्रक असताना फर्नेस सव्वापाचलाच सुरू झाली तर ते स्मार्ट रिकव्हरीचं (ठरलेल्या वेळेला घर तापलेलं असावं म्हणून आधीच सुरू होण्याच्या सोयीचं) काम आहे. पण झोका 3-4 अंशांचा असेल किंवा फर्नेस सारखी चालू-बंद होत असेल तर सायकल रेट बघा, म्हणजे तासाला किती फेऱ्या. हनीवेलच्या पद्धतीत साध्या गॅस फर्नेसला 5, 90 टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेच्या फर्नेसला आणि गरम पाण्याच्या रेडिएटरला 3, वाफेच्या यंत्रणेला 1, इलेक्ट्रिक फर्नेसला 9. वाफेच्या बॉयलरला चुकून 5 राहिलं असेल तर रेडिएटर पूर्ण तापण्याआधीच बॉयलर बंद होतो.

जुन्या, काट्याच्या थर्मोस्टॅटमध्ये हेच काम हीट अँटिसिपेटर करतो. फर्नेस चालू असताना ही बारीक तार आतली बायमेटल (दोन धातूंची) पट्टी जराशी तापवते, म्हणजे खोली ठरलेल्या अंशाला पोहोचण्याच्या थोडं आधी फर्नेस थांबते आणि डक्टमधली उरलेली उष्णता बाकीचं काम पुरं करते. अँटिसिपेटरची आकड्यांची पट्टी अँपिअरमध्ये असते आणि ती गॅस व्हॉल्व्हच्या करंटशी जुळायला हवी. आकडा व्हॉल्व्हवर छापलेला असतो, बहुधा 0.4 च्या आसपास. नसेल तर थर्मोस्टॅट बंद करून आर (वीज आणणारं टर्मिनल) आणि डब्ल्यू (फर्नेस पेटवणारं टर्मिनल) यांच्या मध्ये अ‍ॅमीटर जोडा आणि मिनिटभरानं वाचा. पट्टी कमी अँपिअरवर असेल तर फेऱ्या आखूड होतात, जास्तीवर असेल तर घर ठरल्यापेक्षा वर तापतं. पाऱ्याच्या बल्बचा थर्मोस्टॅट वाकडा लागलेला असला तरी आकडा चुकतो, त्यामुळे आधी लेव्हल लावून बघा. बायमेटलच्या गुंडाळीवरची धूळ मऊ ब्रशनं झाडा. उघडे काँटॅक्ट असतील तर त्यांच्यामधून जाड कागदाची पट्टी ओढा, सँडपेपर नको.

घर ठरलेल्या अंशाला पोहोचतच नसेल तर तो अचूकतेचा प्रश्नच नाही. 24 व्होल्टच्या साध्या फर्नेसवर अशी चाचणी करा: वीज बंद, पुढचा भाग काढा, आर आणि डब्ल्यू एका छोट्या तारेनं जोडा, वीज चालू करा. फर्नेस पेटून व्यवस्थित चालत राहिली तर फर्नेस आणि वायर ठीक, संशय थर्मोस्टॅटवर. पेटलीच नाही, किंवा पेटून मध्येच बर्नर विझला आणि फॅन फिरत राहिला, तर थर्मोस्टॅट सोडा आणि फिल्टर बघा. कोंडलेल्या फिल्टरमुळे फर्नेस आतून जास्त तापते आणि लिमिट स्विच ज्योत तोडतो. तपासून झालं की वीज बंद करूनच ती तार काढा, नाहीतर फर्नेस थांबणारच नाही. आर चुकून सी ला (वीज परत नेणाऱ्या टर्मिनलला) टेकला तर कंट्रोल बोर्डवरचा 3 किंवा 5 अँपिअरचा ब्लेड फ्यूज उडतो. तो गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळतो. फ्यूज नसलेल्या जुन्या फर्नेसमध्ये मात्र ट्रान्सफॉर्मरच जळतो.

शेवटी बदलायचाच ठरला तर वायरी सोडवण्याआधी फोटो काढा आणि रंगावर नाही, ज्या टर्मिनलला वायर लावलेली आहे त्या अक्षरावर भरवसा ठेवा. पांढरी वायर डब्ल्यूवरच असेल याची खात्री नसते. बहुतेक वाय-फाय मॉडेलांना सी हवा. भिंतीत न वापरलेली निळी वायर गुंडाळलेली सापडते का बघा, आणि तीच फर्नेसच्या बाजूलाही सी ला जोडा. आर आणि सी मध्ये 24 ते 28 व्होल्ट एसी दिसायला हवेत. भिंतीतून जाड वायरी आणि त्यांवर प्लास्टिकच्या टोप्या दिसल्या तर थांबा. ते बेसबोर्ड हीटरचं 120 किंवा 240 व्होल्टचं सर्किट आहे. त्यावर 24 व्होल्टचा थर्मोस्टॅट चालत नाही आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं. जुना पाऱ्याचा असेल तर कचऱ्यात टाकू नका: एका बल्बमध्ये सुमारे 3 ग्रॅम पारा असतो. काच न फोडता, आख्खा डबीत घालून काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर द्या किंवा थर्मोस्टॅट परत घेणाऱ्या हीटिंग-कूलिंगच्या सामानाच्या दुकानात.