सीमेचे सल्लागार म्हणून जायचंय? आधी करार कुणाशी आहे ते बघा

नमस्कार साहेब,

तुमच्या मामांनी तुमचं पत्र पुढे पाठवलं. बीएसएफमधून डेप्युटी कमांडंट म्हणून स्वेच्छानिवृत्ती, घर खानापुरात, मुलगी बेळगावात पीयूसीच्या (म्हणजे अकरावी-बारावीच्या) पहिल्या वर्षाला, आणि हातात एका कन्सल्टन्सी कंपनीची ऑफर: केनिया सरकारला सीमा सुरक्षेवर सल्ला द्यायला दोन वर्षांसाठी या. जावं की नाही, आणि तिथं नेमकं करायचं काय, हे तुम्हाला हवंय. मी निपाणीचा. कस्टम्समधून बाहेर पडून नैरोबीत आलो आणि याच कामात आहे. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

पगाराचा आकडा तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलाय, पण करारावर सही कोण करतंय ते कुठंच नाही. सगळी गोम तिथंच आहे. ‘सरकारचा सल्लागार’ या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या नोकऱ्या चालतात. एक, तिथलं सरकार स्वतः तुम्हाला नेमतं. हे क्वचित घडतं. दोन, संयुक्त राष्ट्रांची एखादी संस्था, बहुधा स्थलांतरावर काम करणारी आयओएम किंवा अमली पदार्थ आणि गुन्हेगारीवरची यूएनओडीसी, तुम्हाला कन्सल्टंट म्हणून घेते. तीन, म्हणजे तुमचं प्रकरण: पैसा कुठल्या तरी तिसऱ्या देशाच्या मदतनिधीचा, कंत्राट युरोपातल्या कंपनीकडे, आणि खुर्ची इथल्या मंत्रालयात. तुमचा अहवाल आधी कुणाच्या टेबलावर जातो, हे त्या मंत्रालयातल्या शिपायालाही ठाऊक असतं आणि तुमच्याशी कुणी किती मोकळं बोलायचं ते त्यावरच ठरतं. करारात तीन गोष्टी शोधा: अहवाल कुणाला द्यायचा, तुम्हाला काढायचा अधिकार कुणाला, आणि निधी आटला तर किती दिवसांची नोटीस. तिसरी बाब किरकोळ समजू नका. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली आणि अमेरिकी पैशावर चाललेली कामं रातोरात थांबली. चांगली जाणती माणसं महिना संपायच्या आत सामान बांधत होती.

आता आपल्याकडची परवानगी. तुम्ही लिहिलंय, ‘आता रिटायर झालो, कुणाला काय विचारायचं?’ विचारायचं साहेब, आणि लेखी विचारायचं. तुम्ही गट ‘अ’ अधिकारी होता. निवृत्तीनंतर एका वर्षाच्या आत खासगी नोकरी धरायची तर केंद्राची परवानगी लागते, आणि परदेशी सरकारच्या किंवा त्याच्या ताब्यातल्या संस्थेच्या नोकरीसाठी पूर्वपरवानगीचा वेगळा नियम आहे. तो मोडला तर गदा थेट पेन्शनवर येते. तुमचा करार कंपनीशी आणि काम मंत्रालयात, म्हणजे कुठला नियम लागू यावर वाद घालायला भरपूर जागा. तो वाद आत्ताच, दिल्लीकडून कागदावर मिटवून घ्या. ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट, म्हणजे सरकारी गुपितांचा कायदा, 1923 चा असला तरी निवृत्तीनं तो सुटत नाही. शिवाय पेन्शन नियमांतल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर सुरक्षा आणि गुप्तचर संघटनांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या खात्याच्या कामाशी निगडित मजकूर परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही, आणि त्या यादीत बीएसएफ आहे. लॅपटॉपमधल्या जुन्या पीपीटी, कुंपणाचे नकाशे, गस्तीचे तक्ते भारतातच ठेवून या. इथं कुणीतरी प्रेमानं विचारणारच, बांगलादेश सीमेवर तुम्ही सेन्सर कसे लावता? जे वर्तमानपत्रात आलंय तेवढंच सांगायचं.

हे फार ताणतोय असं वाटत असेल तर कतारचं प्रकरण आठवा. आपल्या नौदलातून निवृत्त झालेले आठ जण तिथं एका खासगी कंपनीत कामाला होते. ऑगस्ट 2022 मध्ये त्यांना पकडलं, ऑक्टोबर 2023 मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांची सुटका झाली. सरकार मध्ये पडलं म्हणून सुटले. गणवेश उतरवला तरी परक्या देशाच्या लेखी आपण गणवेशातलेच असतो.

कामाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण तुमची कल्पना आणि इथलं वास्तव यात अंतर आहे. तुम्ही बंगालच्या आणि कच्छच्या सीमेवर राहिलात. तुमच्या डोळ्यांसमोर कुंपण, फ्लडलाइट, रात्रीची गस्त. इथं टांझानियाच्या सीमेवरचं नामांगा आणि युगांडाच्या सीमेवरचं बुसिया अशा नाक्यांवर सगळा जोर आहे तो एकत्रित नाक्यावर, म्हणजे ‘वन स्टॉप बॉर्डर पोस्ट’वर. ट्रक आधी निघणाऱ्या देशात थांबा, मग शिरणाऱ्या देशात थांबा, असं दोनदा थांबत नाही. ज्या देशात शिरायचं तिथंच दोन्ही देशांचे अधिकारी एका छताखाली बसतात. एका खिडकीवर निघाल्याचा शिक्का, शेजारच्या खिडकीवर आल्याचा. झांबिया-झिंबाब्वे सीमेवर चिरुंडूला 2009 मध्ये हा प्रकार आफ्रिकेत पहिल्यांदा सुरू झाला. पूर्व आफ्रिकी समुदायानं त्यासाठी 2016 मध्ये कायदा केला. बुसिया आणि नामांगाचे नाके 2018 मध्ये रीतसर सुरू झाले.

ऐकायला सोपं वाटतं. पण टांझानियाच्या हद्दीत बसलेल्या केनियाच्या अधिकाऱ्यानं चोरीचा माल पकडला तर पंचनामा कोण करणार? तो हत्यार बाळगू शकतो का? पकडलेला माणूस पळून नाक्याच्या आवाराबाहेर गेला तर त्याच्या मागे कोणी धावायचं? कायदा एक चौकट देतो, ‘सामायिक नियंत्रण क्षेत्र’ आखून देतो, पण ड्युटीवरच्या शिपायाला पहाटे तीन वाजता काय करायचं ते कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत असावं लागतं. ती पुस्तिका लिहिणं, ती कस्टम्स, इमिग्रेशन, पोलीस, आरोग्य, शेतमाल तपासणी आणि मानक संस्था या सगळ्यांच्या गळी उतरवणं, हे सल्लागाराचं काम. नव्वद टक्के बैठका आणि मसुदे. बंदूक दिसते ती दुसऱ्याच्या खांद्यावर.

आणि मग येतात त्या चोरवाटा. इथं त्यांना ‘पान्या रूट’ म्हणतात, पान्या म्हणजे उंदीर. मुख्य नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, घरांच्या परसातून जाणाऱ्या पायवाटा. तुमच्यासारख्या अधिकाऱ्याचा पहिला सल्ला असणार, बंद करा. थोडं थांबा आणि कोविडचं 2021 आठवा. निपाणीजवळ कर्नाटकाच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद असल्याशिवाय महाराष्ट्रातून आत सोडत नव्हते. कागलकडून येणारी आपली माणसं काय करत होती? शेताडीतल्या, गावागावांतल्या आडवाटा कुणाला ठाऊक नव्हत्या? ते काही स्मगलर नव्हते. कुणाची लेक पलीकडे दिलेली, कुणाचा दवाखाना अलीकडे. बुसियातही तेच. डोक्यावर टोमॅटोची टोपली घेऊन युगांडातून येणाऱ्या बाईला मुख्य नाक्यावर अर्धा दिवस घालवणं परवडत नाही. तिच्यासाठी सोपी व्यापार पद्धत आहे: दोन हजार डॉलरपर्यंतच्या, पूर्व आफ्रिकेतच तयार झालेल्या मालाला साधं प्रमाणपत्र पुरतं, आयात शुल्क लागत नाही. ते तिला माहीत असेल आणि खिडकीवरचा माणूस तिला ‘उद्या या’ म्हणणार नसेल तर ती मुख्य नाक्यावर येते. मग चोरवाटेवर उरतात ते खरोखर लपवण्यासारखं काही असणारे, आणि गस्तीला शोधायला सोपं जातं. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही, निपाणीत वाढल्यामुळे चटकन कळलं. तुम्ही खानापूरचे, तुम्हालाही कळेल. मात्र बैठकीत आपला सीमाप्रश्न, 1956, महाजन आयोग वगैरे काढू नका. दोन राज्यांमधली रेघ आणि दोन देशांमधली रेघ यांची सरमिसळ केली की समोरचा गोंधळतो, आणि आपण बोलायला लागलो की थांबत नाही, हेही खरं.

हुद्द्याबद्दल एक अप्रिय गोष्ट. तुमच्या बटालियनमध्ये तुम्ही म्हणाल ते व्हायचं. इथं तुम्ही एका उपसंचालकाच्या दालनाबाहेर सव्वा तास बसाल आणि तो आत फोनवर क्रिकेट नाही, फुटबॉल बोलत असेल. तुमचा मसुदा तो बदलेल, कधी बिघडवेलही, आणि तो अधिकार त्याचाच आहे, कारण सीमा त्याची. आपल्याकडचे निवृत्त अधिकारी इथं आपटतात ते याच दगडावर. दर दुसऱ्या वाक्याला ‘इन अवर इंडिया’ सुरू झालं की समोरचे हसून माना डोलावतात आणि पुढच्या बैठकीचं निमंत्रण येत नाही. सुरुवातीला ऐका, नाक्यावर उभे राहा, ट्रकवाल्यांबरोबर उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, खा, थोडी स्वाहिली शिका. हे झेपणार नसेल तर पैसा कितीही असो, येऊ नका.

कामाचं ठिकाण करारात नाव घालून लिहून घ्या. ‘केनिया’ एवढंच लिहिलं असेल तर नामांगाही केनिया आणि मांडेराही केनिया. मांडेरा सोमालिया आणि इथियोपिया दोन्हींना लागून आहे, त्या पट्ट्यात अल-शबाब या सोमालियातल्या दहशतवादी संघटनेचे हल्ले होतात. 2015 मध्ये गारिसा विद्यापीठावरच्या हल्ल्यात 148 माणसं गेली. बीएसएफचा माणूस म्हटल्यावर कंपनीला तुम्हाला तिकडेच धाडायचा मोह होणार. जायला हरकत नाही, पण विम्यात युद्ध आणि दहशतवाद वगळलेला आहे का ते बारीक अक्षरांत वाचा, आणि जखमी झालात तर विमानानं नैरोबीला कोण आणणार, त्याचं नाव करारात हवं.

पैसा. रोजाच्या दराला भुलू नका. वर्षात भरायचे दिवस किती, सुट्टीचे पैसे आहेत का, कुटुंबाचा आरोग्य विमा आहे का, घरभाडं कोण देणार, हे धरून हिशेब करा. कन्सल्टंटला संयुक्त राष्ट्रांच्या कायम कर्मचाऱ्यासारख्या सवलती नसतात, करमाफीही गृहीत धरू नका. केनियात कराचा वरचा टप्पा 35 टक्क्यांपर्यंत जातो. भारताशी दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण तुमची पेन्शन भारतात करपात्र राहतेच. अनिवासी झालात की पेन्शनचं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करून घ्या. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, निघण्याआधी बेळगावातच एकदा करून बघा.

कागदपत्रांत आपल्या भागाची एक खास डोकेदुखी आहे. 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. तुमच्या पासपोर्टवर जुनं स्पेलिंग, मुलीच्या नव्या दाखल्यावर नवं, आणि तिसऱ्याच देशातल्या कारकुनाला ही दोन वेगळी गावं वाटतात. नामांतराच्या अधिसूचनेची प्रत आणि एक प्रतिज्ञापत्र फायलीत ठेवा. फक्त कन्नडमध्ये असलेल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून घ्या. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवेतूनच मिळतो. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. ते पिवळं कार्ड नसेल तर केनियातून परतताना आपलेच लोक विमानतळावर अडवून क्वारंटाइनमध्ये टाकतात. आणि कंपनी म्हणाली की ‘आधी ईटीएवर या, वर्क परमिट नंतर बघू’, तर सरळ नाही म्हणा. जानेवारी 2024 पासून व्हिसाच्या जागी आलेली ती ईटीए पाहुण्यांसाठी आहे. सीमा सुरक्षेचा सल्लागारच परमिटशिवाय सापडला तर काय तमाशा होईल!

मुलीबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. पीयूसीच्या मध्यातून तिला उचलू नका. इथल्या शाळा बहुतेक ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या, फी डोळे पांढरे करणारी, आणि परत येऊन सीईटी द्यायची तर सगळंच अवघड. वहिनी आणि ती बेळगावात राहू देत, तुम्ही एकटे या. मुंबईहून थेट विमान सहा तासांचं आहे. तिचं दुसरं वर्ष झालं की दोघी येऊन बघतील. एकटेपण फार जाणवणार नाही. भारतीय वंशाचे लोक इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, 2017 मध्ये सरकारनं त्यांना देशाची 44 वी जमात म्हणून मान्यता दिली. ज्वारीचं पीठ ‘म्टामा’ म्हणून दुकानात मिळतं, भाकरी जरा तुटते, पण होते.

तुमच्याबरोबर निवृत्त झालेले दोन हवालदार ‘आम्हालाही घेऊन चला’ म्हणतायत, असंही लिहिलंय. त्यांना सांगा, एजंटचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ईमायग्रेट पोर्टलवर नोंदलेलं आहे का ते आधी बघा. नोंदणीकृत एजंटलाही 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापलीकडे घेता येत नाही. लाखांत मागणारा चोर समजा. रशियात ‘हेल्पर’ म्हणून नेलेल्या आपल्या पोरांना 2024 मध्ये थेट युक्रेनच्या आघाडीवर उभं केलं होतं, त्यात कलबुर्गीकडचीही पोरं होती.

माझा सल्ला: या, पण या करारावर नाही. परवानगीचा अर्ज याच आठवड्यात टाका, कारण तिथंच महिने जातात. कंपनीला कळवा की कामाचं ठिकाण, नोटीस, विमा आणि परमिट या चार कलमांत बदल हवाय. काय उत्तर येतं ते मला पाठवा, करार पीडीएफमध्ये जोडा, पगाराचा आकडा हवा तर झाकून. फोन रविवारी करा, तुमचे सकाळचे साडेअकरा म्हणजे इथले नऊ.