डेटाबेसचं पेज आणि ऑपरेटिंग सिस्टिमचं मेमरी पेज यांचा नेमका संबंध काय?

तुम्ही विचारलंय की पोस्टग्रेस या डेटाबेसचं पेज (एका वेळी हाताळला जाणारा ठरावीक आकाराचा तुकडा) ८ केबीचं आणि लिनक्सचं ४ केबीचं, तर डेटाबेसचं एक पेज म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची दोन पेजं एवढंच समजायचं का? आणि मेमरी सांभाळायला लिनक्स असताना पोस्टग्रेस स्वतःचा बफर, म्हणजे रॅममध्ये राखलेली वेगळी जागा, कशाला ठेवतं? मी कोल्हापुरात गेली काही वर्षं डेटाबेसचंच काम करतो. यातला दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो, पण सुरुवात पहिल्यापासून करू.

आकड्यांचा हिशेब बरोबर आहे, फक्त त्यावरून दोन्ही पेजं एकाच जातीची आहेत असं धरू नका. लिनक्सचं पेज हे पत्त्याचं एकक आहे. प्रोग्रामला दिसणारा पत्ता आणि रॅममधली खरी जागा यांची सांगड प्रोसेसर ४ केबीच्या तुकड्यांनी घालतो. आत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पोस्टग्रेसच्या ८ केबीला मात्र आतून रचना असते: आधी हेडर, मग कुठली ओळ कुठे आहे ते सांगणारे पॉइंटर, आणि ओळी मागच्या टोकाकडून भरत येतात. मायएसक्यूएल डेटाबेसचं साठवणीचं इंजिन म्हणजे इनोडीबी, त्याचं पेज मुळात १६ केबीचं, एसक्यूलाइट या डेटाबेसचं २०१६ पासून ४ केबीचं. अ‍ॅपलच्या एम चिपच्या मॅकवर ऑपरेटिंग सिस्टिमचंच पेज १६ केबीचं असतं. तिथे पोस्टग्रेसची दोन पेजं त्या एकात मावतात. कोण कुणाच्या पोटात बसणार, ते मशीनवर ठरतं.

आता बफरचं. पोस्टग्रेसला एखादं पेज हवं असलं की ते लिनक्सकडे मागतं. लिनक्स ते डिस्कवरून आपल्या पेज कॅशमध्ये (फाइलींचे तुकडे ठेवायच्या रॅममधल्या जागेत) आणतं आणि तिथून त्याची प्रत पोस्टग्रेसच्या शेअर्ड बफर्समध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या बफरमध्ये जाते. तेच ८ केबी काही काळ रॅममध्ये दोनदा असतात. पुढे पोस्टग्रेस ते पेज आपल्याच बफरमधून वाचत राहतं, म्हणून लिनक्सच्या लेखी ते थंड पडतं आणि जागा लागली की त्याची प्रत बाहेर जाते. इनोडीबीला डायरेक्ट आयओ (लिनक्सची कॅश वगळून थेट डिस्कशी देवाणघेवाण) लावून हा मधला थांबा टाळता येतो. पोस्टग्रेस मात्र लिनक्सच्या कॅशवर भिस्त ठेवूनच बांधलेलं आहे, म्हणून शेअर्ड बफर्स साधारण पाव रॅमपासून सुरू करा असं सांगतात.

मग सगळंच लिनक्सवर का सोडत नाहीत? शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात जुन्या पद्धतीचे दिवाणजी पाहिले असतील तर हे लगेच पटेल. व्यवहार आधी रोजकीर्दीत चढतो, खतावणी मागाहून होते. खातेवहीचं पान खराब झालं तरी रोजकीर्दीवरून ते पुन्हा उभं करता येतं, पण खात्यात रक्कम आहे आणि रोजकीर्दीत नोंदच नाही, तर हिशेब कशाच्या आधारावर लावणार? डेटाबेसची रोजकीर्द म्हणजे वॉल (राइट-अहेड लॉग). त्यातली नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय बदललेलं पेज डिस्कवर जाता कामा नये. फाइल सरळ एममॅप करून, म्हणजे ती मेमरीचाच भाग असल्यासारखी जोडून घेऊन, बदल तिथेच केले, तर कुठलं पेज कधी लिहायचं हे लिनक्स ठरवतं, आणि हा क्रम त्याला ठाऊकच नसतो. एलएमडीबी हे डेटाबेस इंजिन एममॅपवरच चालतं, पण ते मॅप फक्त वाचण्यापुरता ठेवतं आणि जुन्या पेजावर न लिहिता नवं पेज बनवतं. मोंगोडीबी या डेटाबेसचं एममॅपवर आधारलेलं जुनं इंजिन ४.२ आवृत्तीत काढून टाकलं गेलं.

आकारातला फरक खरा बोचतो तो लिहिताना. ८ केबी लिहायला दिले आणि वळवाच्या पावसात लाईट गेली, तर ४ केबी नवे आणि ४ केबी जुने असं फाटकं पेज डिस्कवर राहू शकतं. यासाठी पोस्टग्रेस प्रत्येक चेकपॉइंटनंतर (बदललेली पेजं ठरावीक वेळाने डिस्कवर उतरवली की) पेजात पहिला बदल होताना अख्खं पेज वॉलमध्ये लिहून ठेवतं. इनोडीबी आधी डबलराइट बफर नावाच्या डिस्कवरच्या वेगळ्या जागेत प्रत लिहितं. वेग वाढवायला पोस्टग्रेसचं फुल पेज राइट्स (हेच अख्खं पेज लिहिणं) बंद करा असा सल्ला कुणी दिला, तर कृपा करून ऐकू नका.

जे मला अनुभवाने कळलं, ते जरा सविस्तर सांगतो. इथल्या एका साखर कारखान्याच्या ऊस नोंदणी आणि वजनकाट्याच्या सिस्टिमचं काम माझ्याकडे होतं. ३२ जीबी रॅम, शेअर्ड बफर्स ८ जीबी, आणि गळीत हंगामात काटा, शेती विभाग, चिटबॉयचे (शेतावर नोंदी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांचे) मोबाइल असं सगळं मिळून २५० कनेक्शन कायम उघडी. हंगाम रंगात आला तशी रॅम आटत गेली. लिनक्सच्या टॉप या कमांडमध्ये प्रत्येक प्रोसेसपुढे शेअर्ड मेमरीही धरलेली दिसते, त्यामुळे नेमकं कोण खातंय ते कळेना. एका रात्री लिनक्सने मेमरी संपली म्हणून पोस्टग्रेसची एक प्रोसेस मारली. असं झालं की पोस्टग्रेस उरलेल्या सगळ्या प्रोसेस बंद करून रिकव्हरीला बसतं. तेवढा वेळ काट्यावर पावती निघेना आणि गेटबाहेर थंडीत ट्रॅक्टरची रांग वाढत गेली. त्या ड्रायव्हर लोकांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत.

उत्तर लिनक्सच्या मेमइन्फो फाइलमधल्या पेजटेबल्स या ओळीत सापडलं. पेज टेबल म्हणजे प्रोग्रामच्या पत्त्यांची रॅममधल्या जागांशी सांगड लिहिलेली वही. ८ जीबीचे ४ केबीचे तुकडे करा: सुमारे २१ लाख. प्रत्येक तुकड्याच्या नोंदीला पेज टेबलमध्ये ८ बाइट, म्हणजे १६ एमबी. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही वेगळी प्रोसेस आणि प्रत्येकीचं पेज टेबल वेगळं. जुन्या कनेक्शनांनी हळूहळू सगळा बफर हाताळला की २५० गुणिले १६ एमबी, जवळपास ४ जीबी. डेटा एकच, त्याच्या पत्त्यांच्याच २५० वह्या!

लिनक्सला ४ केबीऐवजी २ एमबीची मोठी पेजं, म्हणजे ह्यूज पेजेस, वापरायला लावली की तेच ८ जीबी ४,०९६ नोंदींत बसतात आणि एका प्रोसेसचा खर्च ३२ केबीवर येतो. शिवाय ही पेजं स्वॅपमध्ये (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) जात नाहीत, त्यामुळे पोस्टग्रेसला रॅममध्ये वाटणारं पेज लिनक्सने गुपचूप डिस्कवर नेऊन ठेवलंय, असं होत नाही. पोस्टग्रेसचं पेज यात ८ केबीचंच राहतं, डेटा फाइलला धक्काही लागत नाही. तुमच्या सर्व्हरवर करायचं असेल तर १५ किंवा पुढच्या आवृत्तीत शेअर्ड मेमरी साइझ इन ह्यूज पेजेस हे सेटिंग विचारा, किती लागतील तो आकडा ते देतं. तेवढी लिनक्समध्ये राखून ठेवा आणि ह्यूज पेजेसची किंमत 'ट्राय' न ठेवता 'ऑन' करा. 'ट्राय' असताना पेजं कमी पडली तर पोस्टग्रेस मुकाट्याने ४ केबीवर परत जातं. 'ऑन' असेल तर ते सुरूच होत नाही, आणि चूक हंगामाआधी तुमच्या टेबलावर कळते.