‘पैठणी’ हा शब्द पैठणवरूनच आला का? मग येवल्यात विणलेली साडी पैठणी कशी?

तुम्ही विचारलंय की ‘पैठणी’चा मूळ अर्थ काय, आणि साडी येवल्याची असेल तर तिला पैठणी म्हणणं चूक का. चूक नाही. पण का नाही, ते कळायला शब्दाचा प्रवास बघावा लागतो.

शब्द पैठणवरूनच आला. गावाचं जुनं नाव प्रतिष्ठान, म्हणजे पक्कं, घट्ट उभं राहिलेलं ठिकाण. गोदाकाठची ही सातवाहनांची राजधानी. प्रतिष्ठानचं पैठण होताना एकेक अक्षर नियमानं झिजलंय. ‘प्र’चा ‘प’ झाला. ‘ष्ठ’चा ‘ठ’ झाला, जसा ओष्ठचा ओठ आणि कोष्ठचा कोठा. मधला ‘त’ गळाला आणि ‘पइट्ठाण’ असं प्राकृत रूप तयार झालं. ‘प्रतिज्ञा’पासून ‘पैज’ झाली ती याच वाटेनं. शेवटी ‘ठाण’चा ‘ठण’ झाला, गोस्थानचं गोठण झालं तसा.

ही झीज पुराव्यात दिसते. पितळखोऱ्याच्या लेण्यात इथल्या एका गंध्याच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, दानाचा लेख आहे. त्यात गावाचं नाव ‘पतिठान’ आहे, म्हणजे ‘प्र’ आणि ‘ष्ठ’ बदललेत पण ‘त’ अजून जागेवर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ‘पैठाना’ आहे आणि दुसऱ्या शतकात ग्रीक भूगोलकार टॉलेमी ‘बैठाना’ लिहितो. तोवर ‘त’ गेलेला आहे. मला या शब्दातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. आज आपण एखाद्या संस्थेला ‘प्रतिष्ठान’ म्हणतो आणि गावाला ‘पैठण’, पण शब्द एकच. एक संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला, दुसरा लोकांच्या तोंडी दोन हजार वर्षं घासलेला.

इथे काही घोटाळे नेहमी होतात. ‘पेठ’वरून पैठण, ही व्युत्पत्ती ऐकायला बरी वाटते, पण वरच्या रूपांपुढे ती टिकत नाही. पुराणात पुरूरव्याची राजधानी म्हणून येणारं प्रतिष्ठान हे प्रयागजवळचं झूसी समजलं जातं. ते आपलं पैठण नव्हे. आणि ‘पेरिप्लसमध्ये पैठणीचा उल्लेख आहे’ हे वाक्य कुठं दिसलं तर सोडून द्या. त्या ग्रंथात पैठण हे गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर सांगितलंय, आणि तिथून भडोचला जायचे ते मौल्यवान दगड. कापड जायचं ते तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून.

आता अर्थ. ‘पैठण’ला ‘ई’ लागली की आधी विशेषण होतं: पैठणी शेला, पैठणी काठ. नागपुरी, कोल्हापुरी, बनारसी हेही असेच झाले. पुढं वस्तूचं नाव गळून पडलं आणि विशेषणच नाम झालं, तेही स्त्रीलिंगी: एक पैठणी, दोन पैठण्या, पैठण्यांना. म्हणून ‘पैठणची’ आणि ‘पैठणीची’ यांत गल्लत करू नका. पहिलं गावाचं, दुसरं कापडाचं. तिसरा अर्थ अलीकडचा: मोर-पोपटांची ती नक्षी. ‘पैठणी पर्स’ म्हणताना आपल्या मनात हाच अर्थ असतो.

नाम झाल्यावर शब्द गावाला बांधलेला राहिला नाही. तो विणीचं नाव झाला, आणि विणकर ती वीण घेऊन नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात बसले. आज मोठं काम तिथंच चालतं, पैठणलाही चालतं.

ही वीण ओळखायची ती पदरावर. ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमाचा, आडवी भरणी जरीची आणि नक्षी रंगीत रेशमाची. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली कांडी, असते. मोराच्या गळ्याचा निळा धागा गळ्यापुरताच जातो आणि गळ्याच्या कडेशी शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकून मागं वळतो. तो पदरभर धावत नाही. त्यामुळे पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो, मागं लोंबते धागे नसतात. फार तर तिल्ली संपली तिथं बारीक टोक हाताला लागतं. नाजूक नक्षीचा पदर दिवसाला इंच-दोन इंचच पुढं सरकतो. किंमत तिथं चढते.

यंत्रमागावरच्या नकलेत रंगाचे धागे मागून मोकळे धावतात, किंवा कापून टाकलेले असतात आणि त्यांची झालर दिसते. ‘सेमी पैठणी’ हे याच मालाचं बाजारातलं नाव. त्यात नक्षी पैठणीची असते, वीण नसते. नेसायला ती छान असू शकते, फक्त हातमागाचे पैसे तिला मोजू नका. पण नुसत्या काठावरून निकाल देऊ नका. ब्रोकेड पैठणी हातमागावर विणली तरी काठ जॅकार्डवर, म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रावर, होतो, त्यामुळे काठाच्या मागं धागे मोकळे दिसतात. तिथं चांगली साडी नकली ठरवली जाते.

दुकानात आणखी दोन शब्द कानावर येतील. ‘एकधोटी’ म्हणजे काठ आणि अंग एकाच धोट्यानं, म्हणजे आडवा धागा वाहून नेणाऱ्या साधनानं, विणलेलं, म्हणून आडवा धागा दोन्हीकडे एकच. ‘कडियल’ म्हणजे दोन काठांना दोन आणि अंगाला एक असे तीन धोटे, म्हणून काठाचा रंग निर्भेळ उठतो. हे शब्द वापरून विचारा, आणि पदर उलटा करून बघायला मागा.